मोटार गुरगुरते, पण फिरत नाही : प्रौढ कारागिरांच्या ऑनलाइन शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

नोकरीधंदा सांभाळून एखादे कौशल्य शिकू पाहणाऱ्या प्रौढांना ऑनलाइन शिकवायचे कसे, आणि त्यांतले बरेच जण अर्ध्यावर का गळतात, या विषयावर कोकणपट्टीतून या सदराकडे सातत्याने पत्रे येत आहेत. त्यांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : एका प्रशिक्षण केंद्रात मी मोटार व पंप दुरुस्तीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम शिकवतो. शिकणारे तीस ते पन्नास वयाचे आहेत. कोणी वायरमनच्या हाताखाली काम करतो, कोणी बागेची राखण करतो, काही जण रिक्षा चालवतात. थिअरी रात्री साडेआठला ऑनलाइन आणि प्रात्यक्षिक रविवारी वर्कशॉपमध्ये, अशी रचना आहे. थिअरीसाठी मी पाऊण-पाऊण तासाची व्याख्याने स्लाइडसह तयार केली. सुरुवातीला सगळे ऑनलाइन येत; आता निम्मेही येत नाहीत, रविवारी मात्र झाडून सगळे हजर असतात. व्हिडिओत ॲनिमेशन आणि संगीत घाला, हजेरीला गुण आणि बिल्ले द्या, असे सुचवले जाते. त्याने फरक पडेल का? (शिल्पनिदेशक, रत्नागिरी)

उत्तर : बिल्ले आणि संगीत यांवर आपण वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थी रविवारी झाडून येतात, म्हणजे त्यांची शिकण्याची इच्छा आटलेली नाही. रविवारी त्यांच्या हातात बिघडलेली मोटार असते, त्यांनी काही केले की त्याचा परिणाम तिथल्या तिथे दिसतो, आणि चुकले तर आपण शेजारी उभे राहून सांगता. रात्री साडेआठला यांतले काहीच घडत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाने पाऊण तास केवळ ऐकायचे असते, आणि त्याने ऐकले की नाही याची कोणी विचारपूसही करत नाही. त्या पाऊण तासात आपण शिकणाऱ्याकडून काय मागतो, इथपासून विचार सुरू करावा लागेल.

प्रौढशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक माल्कम नोल्स यांचे प्रतिपादन असे होते की, प्रौढ माणसाला एखादी गोष्ट का शिकायची हे आधी कळावे लागते, तो स्वतःचा अनुभव बरोबर घेऊन येतो, आणि शिकलेले लगेच वापरता यावे अशी त्याची अपेक्षा असते. शाळेतला मुलगा परीक्षेसाठी वर्षभर थांबतो. संध्याकाळचे रिक्षाचे भाडे सोडून बसलेला माणूस उपयोग कळण्यासाठी अर्धा तास थांबेलच असे नाही, आणि त्याने थांबावे अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्यायाचे आहे.

आपण पत्रासोबत सिंगल फेज मोटारीच्या पाठाची रूपरेषा पाठवली आहे, तिच्यावरच बोलू. तिच्यात प्रथम कपॅसिटरची (विजेचा भार साठवून मोटार सुरू व्हायला मदत करणाऱ्या भागाची) व्याख्या, मग त्याचे एकक, प्रकार, नंतर फिरते चुंबकीय क्षेत्र आणि सर्वांत शेवटी बिघाड असा क्रम आहे. हा क्रम उलटा करावा. आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीवरचा पंप चार महिने बंद असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पोफळीला शिंपणे सुरू करायचे म्हणून बटण दाबावे, तर मोटार नुसती गुरगुरते, फिरत नाही. हा प्रसंग आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेला असणार. अशा एखाद्या खऱ्या पंपाचा गुरगुरण्याचा आवाज वीस सेकंद मोबाइलवर चित्रित करावा, पाठाची सुरुवात त्या आवाजाने करावी आणि लगेच विचारावे : पहिल्यांदा काय कराल? कपॅसिटर बदलाल, वाइंडिंगला द्याल, पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहाल, की मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून शाफ्ट हाताने फिरवून पाहाल? उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, आणि प्रत्येक उत्तराला त्याचा परिणाम दाखवणारे वेगळे स्पष्टीकरण असावे. पुन्हा पुन्हा बटण दाबणाऱ्याला सांगावे की, अडकलेली मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते, वाइंडिंग थोड्याच वेळात तापते आणि साध्या गंजापायी अडलेला पंप रिवाइंडिंगच्या खर्चात जातो. थेट कपॅसिटर बदलणाऱ्याला विचारावे की, इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे चक्र) गंजून केसिंगला (पंपाच्या कवचाला) चिकटला असेल तर नवा कपॅसिटर काय करील? शाफ्ट हाताने मोकळा फिरला, तर मात्र संशय कपॅसिटरकडे आणि स्टार्टिंग वाइंडिंगकडे वळतो. एका फेजवर उभी मोटार आपण होऊन का फिरू शकत नाही, दुसरे वाइंडिंग कशासाठी आणि कपॅसिटर नेमके काय साधतो, हे सांगण्याची जागा आता आली. आपल्या जुन्या व्याख्यानातील पहिली बारा मिनिटे इथे चार मिनिटांत सांगून होतील आणि ऐकली जातील, कारण ऐकणाऱ्याला ती हवी आहेत.

पाठ संपताना हाताला काम द्यावे. स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या पंपाच्या नेमप्लेटचा आणि बाहेरून दिसत असेल तर कपॅसिटरवरच्या आकड्यांचा फोटो गटावर टाकायचा, आणि हॉर्सपॉवर, व्होल्टेज, करंट व मायक्रोफॅरड हे चार आकडे बोलून दाखवायचे. झाकण कोणीही उघडायचे नाही. वीज तोडल्यानंतरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, आणि तो सुरक्षितपणे घालवण्याचे प्रात्यक्षिक रविवारी आपल्या देखरेखीखालीच झाले पाहिजे. या बाबतीत कोणतीही सवलत नको. रविवारचे काम त्या आलेल्या फोटोंपासून सुरू केले, म्हणजे मधल्या आठवड्यात केलेल्या कामाला किंमत आहे हे न सांगता कळते.

व्हिडिओच्या लांबीबद्दल एक उपयुक्त अभ्यास आहे. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरील चार अभ्यासक्रमांचे ८६२ व्हिडिओ आणि ते पाहण्याची सुमारे ६९ लाख सत्रे तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. शिवाय खर्चिक स्टुडिओतील चित्रणापेक्षा टेबलापाशी बसून समोरच्याशी बोलावे तसे केलेले साधे चित्रण लोक अधिक वेळ पाहत होते. हे अभ्यासक्रम विद्यापीठीय विज्ञान-गणिताचे होते, त्यामुळे सहा मिनिटांचा आकडा मंत्रासारखा घोकू नये; वाइंडिंग भरण्याचे काम दाखवायला बारा मिनिटे लागत असतील तर बाराच लागू द्यावीत. मात्र एका व्हिडिओत एकच बिघाड आणि एकच निर्णय असावा, हे धोरण मला योग्य वाटते. स्लाइडवरचे वाक्य वाचून दाखवणेही थांबवावे. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून असे दिसले आहे की, चित्र आणि निवेदन एकत्र असताना तेच शब्द पडद्यावर छापले, तर शिकणाऱ्याला बहुधा मदत होण्याऐवजी अडथळाच होतो. कॅमेरा मोटारीवर आणि आपल्या हातांवर राहू द्यावा, आवाज आपला असावा, आणि अक्षरांच्या जागी फक्त आकडे व भागांची नावे असावीत.

आठवणीचा प्रश्न उरतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातील सुमारे ४२ टक्के भाग आठवला, तर एकदा वाचून न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. पाठानंतर तीन-चार दिवसांनी सकाळी कामावर जाण्याच्या वेळी दोन प्रश्न पाठवावेत, तेही पाठ पुन्हा न उघडता उत्तर द्यायचे या अटीवर. आणि आलेल्या प्रत्येक उत्तराला, अर्ध्या मिनिटाच्या ध्वनिसंदेशाने का होईना, आपण उत्तर द्यावे. हे काम कष्टाचे आहे, हे मी जाणतो. व्याख्यानाचा साडेआठचा वेळ त्यासाठीच मोकळा करावा : थेट वर्ग अर्ध्या तासाचा, आलेल्या फोटोंवर आणि बिघाडांवर बोलण्यापुरता, आणि उरलेला वेळ आपल्या उत्तरांसाठी.

प्रश्न : कुडाळ परिसरातील बचत गटांच्या महिलांना मी फळप्रक्रिया शिकवते. फोन बहुतेकींच्या नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. ऑनलाइन वर्गात त्या कॅमेरा लावत नाहीत, टाइप करत नाहीत, काही विचारले तर गप्प राहतात. प्रत्यक्ष भेटीत मात्र याच बायका भरभरून बोलतात. त्यांना ऑनलाइन बोलते कसे करावे? (प्रशिक्षिका, कुडाळ)

उत्तर : ताई, कॅमेऱ्याचा आग्रह आधी सोडून द्यावा. घरातला पसारा, सासू-सासरे, अंगावरचे घरातले कपडे हे सारे परक्यांना दिसावे असे कोणालाच वाटत नाही. टाइप करण्याऐवजी ध्वनिसंदेश मागावा. जे त्या भेटीत बोलतात ते त्यात आपोआप येईल. फोन घरात कोणत्या वेळी मोकळा असतो, हे प्रत्येकीला एकदा विचारून घ्यावे आणि ठरावीक वेळेच्या वर्गाऐवजी दिवसभरात केव्हाही ऐकता येईल असा पाठ द्यावा. त्याहून बरे म्हणजे एका वाडीतल्या तिघी-चौघींनी एका फोनभोवती एकत्र बसावे आणि उत्तर गटाचे म्हणून पाठवावे. एकटीने चुकण्याची भीती त्यात उरत नाही, आणि बोलताना होणारा वाद हाच खरा अभ्यास असतो.

गप्प राहण्याचे आणखी एक कारण असू शकते. कोकमाच्या सालींवर साखरेचे थर देऊन सरबताचा पाक करणे, आगळ काढणे, आंब्याची साठे घालणे या गोष्टी त्या लहानपणापासून करत आल्या आहेत. त्याच गोष्टी पहिल्या धड्यापासून शिकवल्या, तर बोलण्यासारखे त्यांच्याजवळ काही उरत नाही. म्हणून पहिला पाठ आपण शिकवूच नये. ‘एक किलो सालींना तुम्ही साखर किती घेता, बरणी किती दिवस ठेवता, आणि आजवर पाक कधी आंबला का?’ एवढे विचारावे आणि सगळ्या गटांचे ध्वनिसंदेश एकमेकींना ऐकवावेत. प्रमाणे वेगवेगळी निघतील. कोणाचा पाक टिकला, कोणाचा फसफसला, याचा तक्ता त्यांनीच करावा, आणि मग कारणांकडे वळावे : साखर कमी पडली, बरणी पुरती कोरडी नव्हती, ओला चमचा घातला, की साली काढताना फळ धुऊन निथळले नव्हते? रिफ्रॅक्टोमीटरवर पाकाचा एक थेंब ठेवून ब्रिक्सचा, म्हणजे त्यातल्या साखरेच्या प्रमाणाचा, आकडा कसा वाचायचा, हे त्यानंतर दाखवले की ते उपकरण त्यांना आपल्याच प्रश्नाचे उत्तर वाटेल. अनुभवाने जे कळते त्याला मोजमापाची जोड देणे, एवढेच काम आपल्याकडे राहते, आणि ते मोठे काम आहे. कारण घरची बाटली चुकून आंबली तर फेकून देता येते, दुकानात ठेवलेली आंबली तर गटाचे नाव जाते.

हिशेबाचा पाठ अवश्य ठेवावा. एका बाटलीला साल, साखर, गॅस, बाटली, झाकण, लेबल आणि बाजारापर्यंतचे एसटीचे भाडे मिळून किती पडते, हे प्रत्येक गटाने आपल्या खऱ्या पावत्यांवरून काढावे आणि त्यात स्वतःच्या मजुरीचे पैसे धरावेत. हा रकाना जवळजवळ नेहमी कोरा येतो. तो भरून घेतल्याशिवाय पुढच्या पाठाकडे जाऊ नये, असे मी कळकळीने सांगतो.

प्रश्न : आमच्या गावात नेटवर्क घाटीवर चढले तरच मिळते, आणि पावसात वीजही जाते. अशा ठिकाणी ऑनलाइन शिक्षणाचा विचार करावा का? (केंद्रचालक, राजापूर तालुका)

उत्तर : करावा, पण थेट वर्गाचा करू नये. पाच मिनिटांचा व्हिडिओ कमी रिझोल्यूशनमध्ये साधारण २० एमबीमध्ये बसतो आणि तेवढ्याच लांबीचा ध्वनिसंदेश एखाद-दोन एमबीत. आठवड्याचे पाठ केंद्रावर वायफायने किंवा मेमरी कार्डावर भरून द्यावेत. नेटवर्कवर फक्त फोटो आणि ध्वनिसंदेश जावेत, आणि ते संध्याकाळी माणूस घाटी चढला की आपोआप जातील. उत्तर देण्याची मुदत तासांत न ठेवता दिवसांत ठेवावी. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक गावे किती दिवस अंधारात होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आठवडा बुडाला तरी कोर्स बुडणार नाही, इतकी सैल जागा वेळापत्रकात आधीच ठेवावी.

प्रश्न : हर्णै बंदरातील खलाशांसाठी डिझेल इंजिनाच्या देखभालीचा कोर्स आखण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी डिप्लोमाधारक आहे, वय सव्वीस. पहिल्याच ऑनलाइन भेटीत एक तांडेल (नौकेचे प्रमुख) म्हणाले, ‘बाळा, तू जन्मायच्या आधीपासून मी इंजिन खोलतोय.’ त्यांना काय आणि कसे शिकवू? (अभियंता, दापोली)

उत्तर : तांडेलकाकांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यावरच कोर्स उभा करावा. स्लाव्हा कॅल्यूगा, जॉन स्वेलर आदी संशोधकांनी दाखवून दिले आहे की, नवशिक्याला उपयोगी पडणारे पायरी-पायरीचे मार्गदर्शन जाणकाराला उलट जड होते. ठाऊक असलेल्या गोष्टी पुन्हा वाचण्यातच त्याची शक्ती खर्च होते. म्हणून ‘इंजिनाचे भाग’ हा पाठ सर्वांसाठी सक्तीचा ठेवू नये. तो मागे ठेवावा, ज्याला हवा त्याने पाहावा.

सुरुवात धुरापासून करून पाहावी. तीन नौकांच्या धुराचे छोटे व्हिडिओ घ्यावेत, काळा, निळा आणि पांढरा, आणि प्रत्येकाने केवळ पाहून कारण बोलून पाठवावे. निळा धूर म्हणजे वंगणतेल जळते आहे, हे बहुतेक जण अचूक सांगतील. काळ्या धुराला कोणी नोझल (डिझेल फवारणारी तोटी) म्हणेल, कोणी एअर फिल्टर, कोणी नौकेवर ओझे जास्त झाले असे म्हणेल, आणि तिघांचेही बरोबर असू शकते. पांढऱ्याला न जळालेले डिझेल कारण असू शकते किंवा सिलिंडरात शिरलेले पाणीही. मग प्रश्न येतो की यांतले नेमके कोणते, हे इंजिन न खोलता कसे ठरवायचे. इथे आपले शिक्षण उपयोगी पडते. कॉम्प्रेशन मोजणे, उत्पादकाच्या पुस्तिकेतील टॅपेट क्लिअरन्सचा (झडपेजवळ ठेवायच्या फटीचा) आकडा शोधून फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) तपासणे, किती तासांनी तेल बदलले याची वही ठेवणे, या गोष्टी समुद्रावरच्या अनुभवातून आपोआप येत नाहीत. त्या आपण द्याव्यात, आणि बिघाडाच्या कहाण्या त्यांच्याकडून घ्याव्यात. तांडेलकाकांना ‘काका, भर समुद्रात इंजिन बंद पडले तेव्हा तुम्ही काय केलेत, ते सांगाल का?’ असे विचारून त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला, तर तो कोर्समधला सर्वांत जास्त ऐकला जाणारा पाठ ठरेल. त्यांची परवानगी घ्यावी आणि पाठावर श्रेय त्यांचेच द्यावे.

वेळेचा विचारही आताच करावा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि इंजिनाची कामे त्याच दिवसांत निघतात. मात्र ज्यांच्या घरी भातशेती आहे ते जुलैत लावणीच्या चिखलात असतात, म्हणून कोर्सचा भर जूनमध्ये ठेवावा आणि जुलैत थोडके, केव्हाही करता येईल असे काम द्यावे. हंगाम सुरू झाल्यावर वर्ग घेऊ नयेत; त्या काळात महिन्यातून एकदा वहीतील तासांच्या नोंदीचा फोटो मागवणे पुरेसे आहे. ज्यांना प्रमाणपत्राची गरज आहे त्यांच्यासाठी, प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत अनुभवाने मिळवलेल्या कौशल्याची पारख करून प्रमाणपत्र देण्याची आरपीएल नावाची तरतूद आहे. आपल्या केंद्राला ती लागू करता येते का, याची चौकशी जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात करावी.

प्रश्न : आमच्या शिवणवर्गाच्या ऑनलाइन चाचणीत सगळ्यांना जवळजवळ सारखेच पूर्ण गुण मिळतात. उत्तरे गटावर फिरतात, हे उघड आहे. परीक्षा कडक कशी करावी? (संचालिका, माणगाव)

उत्तर : पर्यायी प्रश्नांच्या चाचणीवर पहारा बसवण्यात हशील नाही. त्या चाचणीचे गुणच काढून टाकावेत, तिला केवळ सराव म्हणावे. मग उत्तरे फिरवण्याचे कारण उरत नाही आणि फिरवली तरी बिघडत नाही. पारख कामावरून करावी. ब्लाउज पूर्ण झाल्यावरचा एकच फोटो पुरेसा नाही, कारण तो कोणाच्याही हातचा असू शकतो. कापडावर खुणा केल्यावर, कटिंग झाल्यावर, बाही टाचल्यावर आणि फिनिशिंगनंतर, असे टप्प्याटप्प्याचे फोटो मागावेत आणि कापडाच्या कोपऱ्यावर खडूने त्या आठवड्याला दिलेली खूण असावी. मग प्रत्येकीशी दोन-तीन मिनिटे फोनवर बोलावे : मुंढ्याचे माप किती घेतलेस, बाहीचा घेर त्याहून किती ठेवलास, आणि का? जिने स्वतः शिवले आहे ती लगेच सांगेल, कदाचित आपली चूकही सांगेल. त्या कबुलीचे गुण कापू नयेत.

अंतिम प्रमाणपत्राची परीक्षा मात्र केंद्रावर, मशीनवरच घ्यावी. तिथे मुद्दाम पुढची-मागची बाजू उलटी लावलेली एक बाही द्यावी, चुणी कुठून येते आहे हे बोटाने दाखवायला सांगावे, आणि उसवून पुन्हा लावायला पुरेसा वेळ द्यावा.